रिकामा चौथरा, २४०० पुतळे

लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात चार चौथरे आहेत. एकावर राजा चौथा जॉर्ज, दोहोंवर सेनापती: सिंध जिंकणारा नेपियर आणि १८५७ च्या उठावात कानपूरवर चालून गेलेला हॅवलॉक. चौथा चौथरा चौथ्या विल्यमच्या अश्वारूढ पुतळ्यासाठी बांधला, पण पैसे कमी पडले आणि तो दीडशेहून अधिक वर्षं रिकामाच राहिला.

२००९ मध्ये शिल्पकार अँटनी गोर्मली यांनी त्यावर चक्क सामान्य माणसं उभी केली. 'वन अँड अदर' हा प्रयोग ६ जुलैला सुरू झाला आणि सलग १०० दिवस, रात्रंदिवस चालला. दर तासाला नवा माणूस, असे एकूण २४००. इच्छुक ३० हजारांहून अधिक होते. निवड सोडतीने झाली.

अटी मोजक्याच. वर एकट्यानेच जायचं, स्वतःला उचलता येईल तेवढंच सामान न्यायचं, कायदा मोडायचा नाही. पडलंच कोणी, तर भोवती जाळी होती. कुणी नाचलं, कुणी गॉडझिला बनून आलं, कुणी आपल्या संस्थेचा प्रचार केला, तर कुणी नुसतंच बसून राहिलं. सारं इंटरनेटवर थेट दिसत होतं.

गंमत म्हणजे पहिल्या दिवशी सोडतीतली पहिली व्यक्ती वर पोहोचण्याआधीच धूम्रपानविरोधी फलक घेतलेला एक आंदोलक चौथऱ्यावर चढून बसला होता!