किनाऱ्यावरील एक दिवस

मुलांच्या सुट्टीचे निमित्त साधून यंदा आम्ही सहकुटुंब सागरसफरीस निघालो. रात्री पोर्ट लुईचे दिवे मागे टाकले आणि सकाळी जाग आली ती रियुनियन बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरील बंदरात. बोटीवरून उतरताना प्रत्येक प्रवाशाने आपले कार्ड यंत्रापुढे धरावयाचे. पडद्यावर आपला क्रमांक व छायाचित्र उमटले की वाट मोकळी. संध्याकाळी पाचच्या आत परतावे, अशी ताकीदही मिळाली.

मुलांना समुद्रस्नान हवे होते. परंतु मातोश्री म्हणाल्या, "समुद्र आपल्या घरीही आहे. मला ती लाझारे दाखवा." त्यांच्या शब्दापुढे कोणाचे काय चालणार! आमची मोटार ग्रांद शालूपच्या वाटेस लागली.

एका बाजूस सागर, दुसऱ्या बाजूस उभे कडे, आणि मधल्या खोल घळीत दगडी भिंतींची लांबट घरे. तीच ही विलगीकरणाची जागा. रियुनियनमध्ये 1848 साली गुलामगिरी संपली. पुढे 1860 च्या इंग्रज-फ्रेंच करारान्वये हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणण्यात आले. ही भरती 1882 पर्यंत चालली. पटकी, देवी यांसारखे रोग बेटावर पसरू नयेत म्हणून बोटीतून उतरलेल्यांना प्रथम येथे ठेवीत. त्यांत बहुसंख्य तमिळ होते. त्यांच्या वंशजांना तेथे आजही 'मलबार' म्हणतात. आपल्या मॉरिशसमध्ये हेच काम फ्लॅट आयलंडने केले. भिंतीवर हात ठेवून मातोश्री बराच वेळ उभ्या होत्या.

मुले जवळच्या जुन्या रेल्वे स्थानकावरील वाफेच्या इंजिनाभोवती रमली होती. निघण्याच्या वेळी धाकट्याचा चेहरा उतरला. कार्ड खिशात नव्हते! "आजी, आता मला बोटीवर घेणार नाहीत का?" असे म्हणून तो रडू लागला. आम्हीही मनातून धास्तावलो आणि सारेजण वाकून शोधू लागलो.

मातोश्रींनी त्याला जवळ घेतले व पिशवीतून एक कागद काढला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील दप्तरातून मिळविलेली ती त्यांच्या पणजोबांच्या छायाचित्राची प्रत होती. रत्नागिरीचा तो तरुण मुंबई बंदरातून निघून मॉरिशसला आला होता. त्या म्हणाल्या, "बाळ, यांच्याजवळही असेच छायाचित्राचे तिकीट असे. 1867 च्या कायद्याने कराराची मुदत संपलेल्यांनाही ते सतत बाळगावे लागे. जवळ नसले तर शिपाई पकडून नेत. तुझे हरवले तर बोटीवरचे लोक दुसरे देतील. यांना तसे कोण देणार होते?"

मुलाचे रडे थांबले. थोड्याच वेळात कार्ड इंजिनाच्या पायरीपाशी सापडले. परतीच्या वाटेवर त्याने ते दोन्ही हातांनी घट्ट धरले होते; समुद्रस्नानाचे नावही त्याने काढले नाही.

सफर संपवून पोर्ट लुईस उतरलो, तेव्हा सामानासह आम्ही प्रथम आप्रवासी घाटावर गेलो. 1834 च्या नोव्हेंबरात 'अ‍ॅटलस' बोटीने आलेल्या 36 मजुरांपासून पुढे लक्षावधी माणसे या बंदरात उतरली. 2006 साली घाटास जागतिक वारशाचा मान लाभला. धाकट्याने मोठ्याने मोजत 16 पायऱ्या चढून दाखविल्या.

वाचकहो, सहलीस अवश्य जावे. आपण उतरतो ते संध्याकाळी परतण्याच्या खात्रीने. ते उतरले तेव्हा त्यांना ती खात्री नव्हती. आपली आजची मोकळीक त्यांच्या कष्टांतून आली आहे. म्हणून किनाऱ्यावरील दिवसातला एक तास त्यांच्यासाठी राखावा, आणि मुलांना बरोबर न्यावे, एवढीच विनंती.