बेताच्या पैशांत लॅपटॉपची निवड



धान्य, कापड आणि भांडीं घेतांना आपल्या घरांतील वडील माणसांना कोणाची शिकवण लागत नाहीं. तांदूळ दातांखालीं धरून त्याचें जुनेपण सांगतां येतें, माठ टिचकी मारून पारखतां येतो, लुगड्याचा पोत चिमटींत कळतो. लॅपटॉप नांवाच्या वस्तूपुढें मात्र ही पिढीजात पारख हात जोडून उभी राहते. दुकानांतील सर्व यंत्रें सारखींच चकचकीत दिसतात, पहिलीं दहा मिनिटें सर्वच चपळाईनें चालतात, आणि त्यांच्या पोटांत काय आहे तें एका लहानशा चिठ्ठीवर अंक व अक्षरें यांच्या सांकेतिक भाषेंत लिहिलेलें असतें. ती चिठ्ठी वाचावी कशी, हा आजच्या भाषणाचा मुख्य विषय आहे. ज्यांची लाख-दीड लाख रुपये खर्च करण्याची ऐपत आहे, त्यांचें या माहितीवांचून फारसें अडणार नाहीं. पण जो गृहस्थ मुलगी किंवा मुलगा कॉलेजांत जाणार म्हणून ३५-४० हजारांची रक्कम बाजूस काढून ठेवतो, त्याची निवड चुकली तर दुसरें यंत्र घेण्यास पुढील तीन-चार वर्षें तरी पैसा नसतो. हें भाषण त्याच्यासाठीं आहे.

स्वस्त व सुटसुटीत संगणकाचा ध्यास कांहीं आपल्याच घरापुरता नाहीं. १९८१ सालीं अमेरिकेंत निघालेला ऑस्बोर्न १ हा संगणक ‘बरोबर नेण्याजोगा’ म्हणून खपला, पण त्याचें वजन सुमारें ११ किलो होतें आणि किंमत १७९५ डॉलर. पुढें २००५ सालीं निकोलस नेग्रोपाँटे यांनीं गरीब देशांतील मुलांसाठीं १०० डॉलरांचा लॅपटॉप करण्याचा संकल्प जाहीर केला. आपल्या रायगड जिल्ह्यांतील एका लहान गांवच्या शाळेंतहि २००७ सालीं त्याचा प्रयोग झाला. परंतु १०० डॉलरांची ती मर्यादा त्या यंत्राला कधींच साधली नाहीं. तें जवळजवळ दुप्पट किंमतीस पडलें. यंत्र स्वस्त करणें म्हणजे त्यांतून कांहींतरी वगळणें होय, हें त्या थोर तज्ज्ञांनाहि टाळतां आलें नाहीं. तेव्हां आपण दुकानदारास ‘स्वस्त काय आहे’ असें न विचारतां, ‘या किंमतींत काय वगळलें आहे’ असें विचारावें.

लॅपटॉपचीं मुख्य अंगें तीन. स्वयंपाकघराची उपमा येथें चांगली लागू पडते. प्रोसेसर हा आचारी. रॅम हा त्याचा ओटा. आणि ज्यांत सर्व माहिती साठून राहते तें कोठार. आचारी कितीहि तरबेज असला, पण ओटा वीतभर असला, तर त्याचा निम्मा वेळ भांडीं उचलण्यांत व ठेवण्यांत जातो. स्वस्त यंत्रांत बहुधा हेंच होतें. ४ जीबी रॅम असलेलें यंत्र दुकानांत बरें चालतें, कारण तेथें त्याच्यावर एकच पदार्थ शिजत असतो. घरीं आल्यावर ब्राउझरचीं दहा पानें, वर्गाचें व्हिडिओ-संभाषण आणि लिहावयाचा निबंध एकाच वेळीं उघडले कीं तें धापा टाकूं लागतें. विंडोज ११ या प्रणालीसाठीं कंपनीनें सांगितलेली किमान मर्यादा ४ जीबीच आहे, हें खरें. पण तेवढ्यानें पंक्तींत पान मांडलें जाईल, पोट भरेलच असें नाहीं. ८ जीबी ही आजची खरी किमान मर्यादा समजावी, आणि १६ जीबी मिळत असतील तर इतर दोन हौशी सोडून त्या घ्याव्या.

येथें एक प्रश्न विसरूं नये. रॅम मदरबोर्डावर डाख देऊन कायमची जोडलेली आहे, कीं खांचेंत बसविलेली आहे? खांच रिकामी असेल, तर आज ८ जीबींवर भागवून दोन वर्षांनीं हातांत पैसे आल्यावर आणखी ८ जीबींची भर घालतां येते. डाख दिलेली असेल, तर आजचा निर्णय अखेरपर्यंतचा. चिठ्ठीवर हें क्वचित् लिहिलेलें असतें; मॉडेलचा पूर्ण क्रमांक टिपून घ्यावा आणि निर्मात्याच्या तांत्रिक पत्रकांत पाहून मग पैसे द्यावे.

कोठाराविषयीं थोडक्यांत सांगतों. जुन्या पद्धतीची फिरती तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, आणि हवी ती माहिती तिच्यावर शोधण्यांत पुष्कळ वेळ मोडतो. एस. एस. डी. मध्यें फिरणारें कांहींच नसल्यामुळें तेंच काम शेंकडों पटींनीं लवकर होतें. मुख्य कोठार म्हणून आतां हार्ड डिस्क मुळींच घेऊं नये. कांहीं अतिस्वस्त यंत्रांत ‘ईएमएमसी’ नांवाचें तिसरें कोठार असतें, तें एस. एस. डी. हून मंद असतें आणि डाख देऊन पक्कें केलेलें असतें. ‘६४ जीबी ईएमएमसी’ असे शब्द दिसले कीं तें यंत्र नम्रपणें परत द्यावें. एका विद्यार्थ्याला २५६ जीबी एस. एस. डी. कशीबशी पुरते, ५१२ जीबी निर्धास्त पुरते.

आतां आचाऱ्याची गोष्ट. या बाबतींत नांवांचा घोटाळा इतका माजला आहे कीं, तो अजाणतेपणीं झाला असावा असें म्हणवत नाहीं. ‘आय५’ एवढेंच सांगून विक्रेता थांबतो. पण आय५ हें घराण्याचें नांव झालें, व्यक्तीचें नव्हे. पुढचा अंक पाहावा. आय५-८३५०यू मध्यें आरंभीचा ८ म्हणजे आठवी पिढी. आय५-११३५जी७ मध्यें आरंभीचे ११ म्हणजे अकरावी. आय३-१२१५यू ही बारावी. नव्या पिढीचा आय३ हा जुन्या पिढीच्या आय५ ला सहज मागें टाकूं शकतो. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरांत आणखी एक खुबी आहे. ७००० च्या मालिकेंत पहिला अंक केवळ वर्षाचा. आंतील रचना किती नवी आहे तें तिसऱ्या अंकावरून कळतें. रायझन ५ ७५२०यू मधील तिसरा अंक २ आहे, म्हणजे २०१९ सालीं निघालेली झेन २ ही रचना. ७५३०यू मध्यें ३ आहे, म्हणजे तिच्यानंतरची झेन ३. एका अंकाच्या फरकानें एक पिढी बदलते, आणि दुकानाच्या फळीवर दोघेहि ‘रायझन ५’ म्हणूनच मिरवतात! इंटेलनें २०२३ पासून लॅपटॉपांत सेलेरॉन व पेंटियम हीं नांवें सोडून ‘इंटेल प्रोसेसर’ असें सालस नांव घेतलें. एन१०० हा त्यांपैकींच एक. टिपणें लिहिणें, वाचणें, व्याख्यानें पाहणें एवढ्यास तो चालतो. परंतु अभियांत्रिकीच्या वा चित्रफितींच्या कामास त्याला जुंपूं नये.

पडद्याकडे आपण फार कमी लक्ष देतों, आणि मला तें चमत्कारिक वाटतें, कारण यंत्राचें जें अंग आपण रोज चार-पांच तास पाहणार तेंच हें. १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा पडदा टाळून १९२० गुणिले १०८० चा घ्यावा. अक्षरें रेखीव दिसतात. नंतर यंत्रासमोरून थोडें बाजूला सरकून पाहावें. रंग फिके पडून चित्र काळवंडलें, तर तो ‘टीएन’ जातीचा पडदा. तसेंच दिसत राहिलें, तर बहुधा ‘आयपीएस’. या परीक्षेला पैसा लागत नाहीं. बॅटरीच्या बाबतींत ‘दहा तास चालते’ या वाक्याला कांहींच अर्थ नाहीं. वॉट-तास किती, तें विचारावें. ४२ वॉट-तासांची बॅटरी आणि साध्या कामास सुमारें ७ ते ८ वॉट खर्च, असा भागाकार केला म्हणजे साडेपांच तासांच्या आसपास उत्तर येतें.

स्पर्शानें चालणारा पडदा, प्रकाशणाऱ्या कळा, सुरीसारखा पातळ बांधा, खेळांसाठींचा वेगळा ग्राफिक्स प्रोसेसर, हें सर्व बेताच्या पैशांत खुशाल वगळावें. वास्तुशास्त्राचा अथवा सजीव चित्रपटांचा विद्यार्थी मात्र या नियमास अपवाद. त्यानें आधीं कॉलेजकडून लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी मागून घ्यावी.

एवढें सगळें जमवूं गेल्यास ठरविलेली रक्कम पुरत नाहीं, असा अनुभव पुष्कळांस येईल. त्यांनीं वापरलेल्या यंत्राचा विचार संकोच न करतां करावा. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांसाठीं शेंकड्यांनीं लॅपटॉप घेतात आणि तीन-चार वर्षांनीं ते एकदम बदलतात. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक या जातीचे हे लॅपटॉप मुळांत मजबूत बांध्याचे असतात, आणि सुटे भाग बदलण्यासहि सोपे. मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर, ज्याला आतां डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, आणि दिल्लीस नेहरू प्लेसमध्यें त्यांचा मोठा बाजार आहे. ओटा मोठा, कळफलक उत्तम आणि बिजागऱ्या घट्ट असें जुनें यंत्र हें २०१९ सालच्या दोन कोअरच्या सेलेरॉन एन४०२० सारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या कोऱ्या करकरीत यंत्रापेक्षां कितीतरी कामाचें असतें. ‘नव्याचा वास’ यापलीकडे त्या दुसऱ्यांत फारसें कांहीं नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे.

मात्र जुन्या बाजारांत डोळे उघडे ठेवावे लागतात. पहिली गोष्ट पिढीची. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ साठीं इंटेलच्या बाबतींत थोडे अपवाद सोडल्यास आठवी पिढी तरी लागते. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचीं यंत्रें अगदीं कमी किंमतींत समोर येतात. ज्यांना लिनक्सवर काम करतां येतें त्यांना तीं अवश्य घेतां येतील. उबुंटु किंवा मिंट तेथें फुकट बसवितां येतें, आणि पुण्यांत मुख्यालय असलेल्या सी-डॅकनें ‘बॉस’ नांवाची भारतीय लिनक्स प्रणालीहि तयार केली आहे. पण कॉलेजची परीक्षा अथवा एखादें विशिष्ट सॉफ्टवेअर विंडोजवांचून चालत नसेल, तर ही काटकसर ऐन वेळीं महाग पडते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. कंपनीचें यंत्र कधींकधीं त्या कंपनीच्या कुलुपांतून पूर्णपणें सुटलेलें नसतें. विक्रेत्यासमोर यंत्र मूळ स्थितीस आणावयास सांगावें, म्हणजे ‘रीसेट’ करवावें, आणि आपल्या मोबाइलच्या इंटरनेटला जोडावें. प्रवेशाच्या पानावर एखाद्या संस्थेचें नांव झळकलें, तर यंत्र तेथेंच ठेवून निघावें. आज तें चालेल, उद्यां दुरून बंद केलें जाईल. तसेंच बायॉसमध्यें शिरून पाहावें. तेथें परवलीचा शब्द मागितला तर तोहि अशुभ शकुन. बॅटरीची प्रकृति पाहण्यासाठीं विंडोजच्या कमांडच्या खिडकींत ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ व ‘बॅटरीरिपोर्ट’ असें इंग्रजी अक्षरांत लिहिलें कीं अहवाल तयार होतो. त्यांत मुळांतील क्षमता व आजची पूर्ण क्षमता असे दोन आंकडे असतात. दुसरा पहिल्याच्या ७० टक्क्यांच्या खालीं असेल, तर नव्या बॅटरीची किंमत भावांतून कमी करून घ्यावी. प्रत्येक कळ दाबावी, प्रत्येक छिद्रांत पेनड्राइव्ह घालून पाहावा, झांकण दहा वेळां उघडावें-मिटावें. विक्रेता कंटाळला तर कंटाळूं द्यावा.

पैसे देण्याच्या पद्धतीविषयीं दोन शब्द. ‘बिनव्याजी हप्ते’ ही पाटी आतां सर्वत्र दिसते. रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१३ मध्येंच बँकांना बजावलें होतें कीं, शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वांत नाहीं. आज होतें तें असें: ४०,००० रुपयांचें यंत्र १२ हप्त्यांनीं घेतलें आणि वार्षिक १५ टक्के व्याज धरलें, तर सुमारें ३,०७० रुपये आरंभीं सूट म्हणून वजा दाखवितात व तेवढेच व्याज म्हणून हप्त्यांतून घेतात. हिशेब जुळला असें वाटतें. पण त्या व्याजावर १८ टक्के वस्तु व सेवा कर, म्हणजे सुमारें ५५० रुपये, आणि बहुधा प्रोसेसिंगचें शुल्क हें आपल्याच अंगावर पडतें. हप्त्यांची गरज असेल तर हा खर्च जाणून उमजून करावा, त्यांत लाज नाहीं. पण ज्याच्याजवळ रोख रक्कम आहे, त्यानें तीच तीन हजारांची सूट रोखीवर मागून पाहावी. पुष्कळदां मिळते.

यंत्र घरीं आणल्यावर पहिल्याच आठवड्यांत त्याला भरपूर राबवावें, कारण बदलून देण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. त्याच आठवड्यांत मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक चालू करून घ्यावा. तो विंडोज व लिनक्स या दोन्हींत मुळांतच असतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाहीं. यंत्राचा अनुक्रमांक बिलावर लिहिलेला आहे कीं नाहीं, आणि तो यंत्राच्या तळावरील क्रमांकाशीं जुळतो कीं नाहीं, तें दुकानांतच ताडून पाहावें. वॉरंटीचा माणूस घरीं येणार, कीं यंत्र आपण सेवाकेंद्रांत न्यावयाचें, हें तेथेंच लिहून घ्यावें. बिलाचें छायाचित्र काढून ठेवावें, कारण उष्णतेनें छापलेल्या कागदावरील अक्षरें कांहीं महिन्यांत पुसट होतात. आणि विक्रेत्यानें दाद दिलीच नाहीं, तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ हा आहे. तक्रार नोंदवितांना तें बिल हातीं लागेल अशा ठिकाणीं असावें.