परराज्यातून नवा ट्रक घेताना

नवा ट्रक देशातल्या कोणत्याही राज्यातल्या विक्रेत्याकडून घेता येतो. त्याची कायम नोंदणी मात्र मालकाचे घर किंवा धंद्याचे ठिकाण ज्या राज्यात आहे आणि गाडी एरवी जिथे उभी राहते, त्याच राज्यात करावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४० चा हा नियम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातले कोणतेही आरटीओ कार्यालय निवडता येते, पण राज्य बदलता येत नाही. म्हणून गुजरात, मध्य प्रदेश किंवा तमिळनाडूतून ट्रक आणणाऱ्या नवी मुंबईच्या मालकाला एकाच गाडीसाठी दोन राज्यांची कागदपत्रे सांभाळावी लागतात. खरेदीतला फायदा आणि त्रास दोन्ही तिथेच ठरतात.

नवी मुंबईत हा प्रश्न वारंवार येतो, कारण शहराचा मोठा धंदाच मालवाहतुकीचा आहे. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेले न्हावा शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर, वाशी-तुर्भ्याची कृषी उत्पन्न बाजार समिती, कळंबोलीचा पोलाद बाजार, तळोजा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने यांना कंटेनर ट्रेलरपासून भाजीच्या टेम्पोपर्यंत सगळ्या प्रकारच्या गाड्या लागतात. वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो आणि तिथल्या गाड्यांना वाशी कार्यालयाचा एमएच-४३ क्रमांक मिळतो. कळंबोली, खारघर, तळोजा हा भाग रायगड जिल्ह्यात असून त्याचे पासिंग पनवेलच्या एमएच-४६ खाली होते.

परराज्यात का जावे लागते?

जवळचा विक्रेता सोडून लांब जाण्याची कारणे ठरलेली आहेत. हवे ते मॉडेल इथे दोन-तीन महिन्यांनी मिळणार असते आणि दुसरीकडे ते तयार उभे असते. कधी तिथल्या विक्रेत्याला वर्षअखेरीचा साठा संपवायचा असतो, म्हणून तो जास्त सूट देतो. कधी कारखाना त्या बाजूला असल्याने भाड्याचा खर्च कमी पडतो. टाटा मोटर्सचे ट्रक जमशेदपूर, पुणे, लखनौ आणि पंतनगरला बनतात. अशोक लेलँडचे कारखाने एन्नोर, होसूर, अलवर, पंतनगर आणि आपल्या भंडाऱ्यात आहेत. आयशरचा कारखाना इंदूरजवळच्या पिथमपूरला, भारतबेंझचा चेन्नईजवळच्या ओरगडमला आणि महिंद्राचा चाकणला आहे. बॉडी हेही एक कारण असते. तमिळनाडूतली नामक्कल आणि तिरुचेंगोडे ही गावे ट्रक, टँकर आणि बोअरवेलच्या गाड्यांच्या बांधणीसाठी देशभर ओळखली जातात. तिथे बॉडी बांधायची असेल तर चासीही त्याच भागातल्या विक्रेत्याकडून घेणे सोयीचे पडते.

करातल्या फरकासाठी बाहेर जाण्याचे कारण मात्र आता उरलेले नाही. जीएसटीपूर्वी प्रत्येक राज्याचा विक्रीकर वेगळा होता आणि कमी कराच्या राज्यातून गाडी आणण्याचा मोह मोठा होता. तो रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८७ मध्ये मोटार वाहनांवरील प्रवेश कराचा कायदा केला. बाहेर घेतलेले वाहन राज्यात नोंदणीसाठी आणले की इथल्या दराने कर लागे आणि बाहेर भरलेला विक्रीकर त्यातून वजा होई, म्हणजे दोन्ही दरांतला फरक शेवटी मालकाच्याच खिशातून जाई. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि प्रवेश कर त्यात विलीन झाला. तेव्हापासून मालवाहू ट्रकवर देशभर २८ टक्के दर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. करापूर्वी ३० लाख रुपये किंमत असलेल्या ट्रकवर पूर्वी ८ लाख ४० हजार कर बसत असे, आता ५ लाख ४० हजार बसतो. हा दर सुरत, इंदूर आणि वाशी इथे सारखाच आहे. त्यामुळे दोन राज्यांच्या कोटेशनांत फरक दिसला तर तो विक्रेत्याची सूट, कारखान्यापासूनचे भाडे, विमा किंवा जोडसामान यांपैकी कशाचा आहे, हे वेगळे काढून पाहावे.

बिल आणि कराचे क्रेडिट

दर सारखा असला तरी बिलावर कोणता जीएसटी लावला आहे, हे महत्त्वाचे ठरते. राज्यांतर्गत विक्रीवर केंद्राचा आणि त्या राज्याचा असे दोन कर निम्मे-निम्मे लागतात; आंतरराज्य विक्रीवर एकच एकात्मिक कर, म्हणजे आयजीएसटी लागतो. गुजरातच्या विक्रेत्याने गुजरातचा राज्य जीएसटी लावून बिल केले, तर महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या वाहतूकदाराला त्या कराचे क्रेडिट वापरता येत नाही. आयजीएसटीचे क्रेडिट वापरता येते. माल कोणत्या राज्यात पोचून वाहतूक संपते, यावर हा प्रकार ठरतो. म्हणून ऑर्डर, बिल आणि डिलिव्हरीचे कागद यांवर नवी मुंबईचा पत्ता आणि महाराष्ट्राचा जीएसटी क्रमांक आधीपासूनच असावा, आणि आयजीएसटीचेच बिल मिळेल असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

क्रेडिटचा उपयोग सगळ्यांनाच होतो असे नाही. वाहतूक कंपनी भाड्यावर ५ टक्क्यांची पद्धत निवडत असेल तर तिला ट्रकवरच्या कराचे क्रेडिट मिळत नाही. १८ टक्क्यांची पद्धत निवडणाऱ्याला मिळते. एक-दोन गाड्यांचा मालक, जो आपली गाडी वाहतूक कंपनीला भाड्याने लावतो, त्याच्यासाठी हा कर सहसा खर्चातच जातो. याशिवाय १० लाखांवरच्या वाहनावर विक्रेता १ टक्का आयकर गोळा करतो. हा जादा खर्च नसून आगाऊ भरलेला कर आहे. पॅन क्रमांक बरोबर दिला असेल तर तो विवरणपत्रात वळता करता येतो.

ऑर्डर देताना

ट्रकचे मॉडेल म्हणजे बहुधा त्याची मापे असतात. ५५३० या आकड्यातले पहिले दोन अंक ५५ टनांचे एकूण वजन सांगतात आणि पुढचे दोन सुमारे ३०० अश्वशक्तीचे इंजिन. एकूण वजनात गाडीचे स्वतःचे वजनही धरलेले असते, त्यामुळे जड बॉडी बांधली की भरता येणारा माल तेवढा कमी होतो. १६ जुलै २०१८ रोजी केंद्राने आसांवरची वजनमर्यादा वाढवली आणि तीन आसांच्या, म्हणजे दहाचाकी ट्रकची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली. पण कर, परमिट आणि दंड हे नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेल्या वजनावर ठरतात, म्हणून ऑर्डरमध्ये नोंदवायचे एकूण वजन स्पष्ट लिहिलेले असावे.

ऑर्डरच्या कागदावर मॉडेल आणि व्हेरियंट, आसांमधले अंतर, केबिनचा प्रकार, टायरचे माप, गाडी पूर्ण बांधलेली आहे की नुसती चासी, सूट आणि डिलिव्हरीची तारीख या सगळ्यांची नोंद हवी. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे आहे, त्यामुळे जुन्या साठ्यातली गाडी स्वस्त मिळत असेल तर ती कधी बनली ते विचारावे. उत्पादनाचा महिना विक्री प्रमाणपत्रावर येतो आणि पुढे गाडी विकताना किमतीवर परिणाम करतो. साठ्यातल्या स्वस्त गाड्यांचा धोका २०१७ मध्ये दिसला. १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाची वाहने विकता येणार नाहीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी २९ मार्चला दिला. विक्रेत्यांनी मोठ्या सुटी देऊन साठा काढला. पण ३१ मार्चपर्यंत विक्री झाल्याचा पुरावा असेल, तरच गाडीची नोंदणी होणार होती.

आगाऊ रक्कम विक्री कंपनीच्या बँक खात्यातच भरावी आणि पावतीवर रद्द करण्याच्या अटी वाचून घ्याव्यात. कर्ज असेल तर बँक किंवा वित्त कंपनी परराज्यातल्या विक्रेत्याला पैसे देईल का, हे ऑर्डरआधी विचारावे. अनेकदा तिच्या तिथल्या शाखेकडून विक्रेत्याची खातरजमा होते आणि त्यात दिवस जातात.

तात्पुरता नंबर आणि रस्त्यावरचा प्रवास

गाडी महाराष्ट्रातल्याच विक्रेत्याकडून घेतली तर नोंदणीचा अर्ज विक्रेता करतो. २०१९ च्या दुरुस्तीने ही जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे, पण गाडीची नोंदणी विक्रेत्याच्याच राज्यात होणार असेल तेव्हाच. परराज्यातल्या विक्रेत्याची जबाबदारी साधारणतः तात्पुरत्या नोंदणीपाशी संपते. पुढचा अर्ज मालकाला स्वतः करावा लागतो. विक्रेता ‘वाहन’ प्रणालीत गाडीची दुसऱ्या राज्यासाठी तात्पुरती नोंदणी करतो आणि पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांचा नंबर मिळतो. पूर्ण बांधलेल्या गाडीसाठी याची मुदत सहसा महिनाभराची असते. चासीवर बॉडी बांधायची असेल तर ती जास्त मिळते. नेमकी तारीख प्रमाणपत्रावर छापलेली असते आणि पुढची सगळी कामे त्या तारखेच्या आत बसवावी लागतात.

या तारखेकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. विनानोंदणी गाडी चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पण खरे नुकसान विम्यात होते. राजस्थानातल्या एका मालकाने पंजाबातून नवी गाडी घेतली, तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपली आणि त्यानंतर जोधपूरला गाडी चोरीला गेली. विमा चालू होता. तरीही चोरीच्या वेळी गाडीला वैध नोंदणी नव्हती, या कारणाने कंपनीने भरपाई देण्याची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला.

गाडी शोरूमबाहेर काढण्यापूर्वी विमा उतरवलेला असावा लागतो. नुसत्या चासीचा विमा असेल तर बॉडी तयार झाल्यावर तिची किंमत पॉलिसीत वाढवून घ्यावी, नाहीतर अपघातात बॉडीची भरपाई मिळत नाही. ताबा घेताना चासी आणि इंजिनचे कोरलेले क्रमांक बिलाशी एकेक अंक ताडून पाहावेत. एका चुकीच्या अंकामुळे पासिंग अडते आणि दुरुस्तीचा कागद पुन्हा परराज्यातून मागवावा लागतो. गाडी आणणाऱ्या ड्रायव्हरकडे अवजड वाहनाचा परवाना हवा. फास्टॅग सुरुवातीला चासी क्रमांकावर मिळतो, कायमचा नंबर आल्यावर तो त्यावर नोंदवून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातले पासिंग

कायम नोंदणीसाठी नमुना २० मध्ये अर्ज करतात. त्यासोबत नमुना २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र, नमुना २२ म्हणजे कारखान्याने दिलेले गाडी रस्त्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र, बिल, विमा, तात्पुरती नोंदणी, पॅन आणि पत्त्याचा पुरावा लागतो. बॉडी बाहेर बांधली असेल तर बांधणाऱ्याचे नमुना २२-अ मधले प्रमाणपत्र जोडावे लागते. कर्ज असेल तर अर्जावर वित्त कंपनीची सही घेऊन नोंदणी पुस्तकात बोजा चढवला जातो. बाहेरून आलेली गाडी निरीक्षकापुढे तपासणीला उभी करण्याची तयारी ठेवावी लागते. त्यानंतर महाराष्ट्राचा वाहन कर भरायचा असतो; जड मालवाहू गाड्यांचा कर एकूण वजनानुसार ठरतो आणि ठरावीक काळाने भरावा लागतो. नंबर मिळाल्यावर उच्च सुरक्षा पाटी बसवली जाते. खासगी गाड्यांची बीएच मालिका व्यावसायिक ट्रकला मिळत नाही.

राज्याबाहेर माल न्यायचा असेल तर नॅशनल परमिट लागते. हे परमिट गाडीच्या गृहराज्याशी जोडलेले असते आणि त्यासाठी वर्षाला १६,५०० रुपयांचे एकत्रित शुल्क भरल्यावर गाडी देशभर फिरू शकते. याची एक अट मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. अशा गाडीला गृहराज्य सोडून दुसऱ्या कोणत्याही एकाच राज्यातल्या दोन ठिकाणांमध्ये माल वाहता येत नाही.

कर आणि सोपस्कार कमी पडतात म्हणून नागालँडचा एनएल-०१ किंवा दुसऱ्या राज्याचा नंबर घेण्याचा विचार करणाऱ्यांना इथेच अडचण येते. लांब पल्ल्याचे अनेक ट्रेलर असे नंबर घेऊन देशभर धावतात. पण न्हावा शेव्याहून भिवंडीला कंटेनर किंवा कळंबोलीहून चाकणला पोलाद नेणे ही महाराष्ट्रातल्याच दोन ठिकाणांमधली वाहतूक आहे, आणि परराज्याच्या नॅशनल परमिटवर ती करता येत नाही. शिवाय कलम ४७ प्रमाणे गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला कर दोन्ही लागतात. मालक नवी मुंबईचा असताना परराज्यातला पत्ता दाखवून घेतलेला नंबर खोट्या माहितीचा गुन्हाही ठरू शकतो.

खरेदीनंतर

वॉरंटी कारखान्याची असते, त्यामुळे कंपनीच्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ती मान्य होते. विक्रेत्याने स्वतःहून दिलेली मोफत सेवा किंवा जोडसामान मात्र त्याच्याच दारात मिळते, म्हणून लांबच्या खरेदीत अशा भेटीपेक्षा रोख सूट बरी. वाद झालाच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार आपण राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे दाद मागू शकतो. विक्रेत्याच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत. ही वाट सगळ्यांना खुली नाही. व्यापारी हेतूने घेतलेल्या गाड्या या कायद्यात बसत नाहीत. उपजीविकेसाठी गाडी घेऊन स्वतःच्या कष्टाने धंदा करणारा मालक मात्र ग्राहक मानला जातो. मोठ्या ताफ्याच्या मालकाला दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि तिथे ऑर्डरच्या कागदावरची न्यायक्षेत्राची अट विचारात घेतली जाते. त्यामुळे ताफ्यासाठी बाहेरून गाड्या घेणाऱ्याने किमतीइतकेच लक्ष त्या अटीकडेही द्यावे आणि ती सही करण्यापूर्वीच बदलून घ्यावी.