बाल्कनीतून दिसणारा न्याय

अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी आणि मोबिल बंदर यांच्या साधारण मध्यावर मन्रोव्हिल हे छोटं गाव आहे. गावाच्या चौकात लाल विटांची, पांढऱ्या घुमटाची, घड्याळाची एक देखणी इमारत उभी आहे. १९०३-०४ च्या सुमारास बांधलेलं हे मन्रो काउंटीचं जुनं न्यायालय. आज ते वस्तुसंग्रहालय आहे.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा, असं ढोबळमानाने म्हणता येईल. अलाबामात अशा ६७ काउंट्या आहेत. मन्रो काउंटीचा पसारा अडीच हजार चौरस किलोमीटरहून मोठा, पण माणसं वीस हजारांच्या आसपास. कारभाराची रीतही आपल्याहून वेगळी. आपल्याकडे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक सरकार नेमतं. तिथे कायदा-सुव्यवस्था सांभाळणारा शेरीफ आणि मृत्युपत्रं, वारसा यांचं काम पाहणारा प्रोबेट जज यांना लोक निवडून देतात. जन्मापासून जमिनीपर्यंत सगळ्या कामांसाठी माणसाला याच चौकात यावं लागे. म्हणूनच न्यायालय गावाच्या मधोमध आहे.

ही काउंटी अलाबामा राज्यापेक्षाही जुनी. १८१४ च्या तहाने क्रीक आदिवासींची अफाट भूमी हिसकावली गेली आणि पुढच्याच वर्षी तिथे ही काउंटी आखली गेली. अलाबामाला राज्याचा दर्जा मिळाला तो १८१९ मध्ये. काउंटीचं पहिलं ठाणं अलाबामा नदीकाठचं क्लेबोर्न हे बंदर होतं. १८३२ मध्ये कारभार मन्रोव्हिलला हलला आणि कापसाच्या व्यापारावर गजबजलेलं क्लेबोर्न पुढे ओस पडलं. आता आसपास दिसतात ती पाइनची जंगलं.

इमारतीचा जीव आहे तो वरच्या मजल्यावरच्या लंबवर्तुळाकार न्यायदालनात. लाकडी बाकं, न्यायाधीशांचं उंच आसन, बारा ज्युररच्या खुर्च्या आणि वर वळसा घालून गेलेली बाल्कनी. खाली गोरे बसत, कृष्णवर्णीयांनी वर जायचं. न्यायाच्या घरातला अन्याय असा सुताराच्या हातूनच घडवला गेला होता.

ए. सी. ली हे वकील याच दालनात काम चालवत आणि त्यांची धाकटी मुलगी वरून ते पाहत असे. ती हार्पर ली. तिच्या १९६० मधल्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीत टॉम रॉबिन्सन या निरपराध कृष्णवर्णीयावरचा खटला अशाच दालनात चालतो. वकिलाच्या मुलांना खाली जागा मिळत नाही, ती बाल्कनीत जाऊन बसतात आणि सगळा खटला आपल्याला तिथूनच दिसतो. कादंबरीवरच्या चित्रपटासाठी हॉलिवूडमध्ये या दालनाची हुबेहूब प्रतिकृती उभारली गेली. कलादिग्दर्शनाचं ऑस्कर त्या चित्रपटाला मिळालं.

पण ही केवळ कादंबरीतली गोष्ट राहिली नाही. १९८७ मध्ये याच काउंटीतल्या वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीयाला एका गोऱ्या तरुणीच्या खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. खून झाला त्या वेळी तो घरी होता, असं अनेकांनी शपथेवर सांगितलं. खटला शेजारच्या काउंटीत चालला आणि दीड दिवसात उरकला. ज्युरीने जन्मठेपेची शिफारस केली, न्यायाधीशांनी ती डावलून मृत्युदंड दिला. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलाच्या झुंजीमुळे १९९३ मध्ये तो निर्दोष सुटला, पण तोवर सहा वर्षं मृत्यूच्या छायेत गेली होती. ज्युरीला डावलण्याचा न्यायाधीशांचा तो अधिकार अलाबामाने २०१७ मध्ये रद्द केला.

ज्युरी म्हटलं की मराठी वाचकाला मुंबईचा नानावटी खटला आठवतो. आपल्याकडून ही पद्धत गेली, तिथे ती अजून आहे. दर वसंतात मन्रोव्हिलचे हौशी कलाकार त्या कादंबरीचं नाटक करतात. पहिला अंक न्यायालयाच्या अंगणात आणि खटल्याचा अंक वरच्या दालनात. ज्युरर निवडले जातात ते प्रेक्षकांतूनच. आपल्याच शेजारचा माणूस उठून त्या खुर्चीत बसतो आणि निर्दोष माणसाला दोषी ठरवणाऱ्या बारा जणांतला एक होतो. हे नाटक बाल्कनीतून पाहावं. खालच्या बाकांवरून टॉमची पाठ दिसेल, वरून त्या बाराही जणांचे चेहरे दिसतात.