क्षयाच्या जंतूभोवतीचा वेढा

क्षयाचा जंतू श्वासावाटे फुप्फुसाच्या वायुकोशात उतरतो, तेव्हा त्याची पहिली गाठ पडते मॅक्रोफेज या भक्षक पेशीशी. ही पेशी जंतू गिळते आणि आतल्या एका पिशवीत कोंडते. मग पाचक रसांनी भरलेली दुसरी पिशवी तिला येऊन मिळते. बहुतेक जंतूंचा शेवट इथेच होतो. क्षयाचा जंतू मात्र या दोन पिशव्या एकत्र येऊच देत नाही. त्याचे मेणचट कवचही सहज विरघळत नाही. जी पेशी त्याला मारायला आली, तिच्याच पोटात तो वाढू लागतो.

त्याची वाढ संथ असते. एकाचे दोन व्हायला सुमारे २० तास लागतात. पण शरीराचा दुसऱ्या फळीचा प्रतिसादही तितकाच सावकाश येतो, आणि खरी मेख इथेच आहे. डेंड्रायटिक पेशींनी जंतूचे अंश जवळच्या लसिका ग्रंथीत नेल्यावरच तिथल्या टी पेशींना त्याची ओळख पटते. त्वचेवरची मांटू चाचणी संसर्गानंतर साधारण २ ते ८ आठवड्यांनी होकारार्थी येते, ती यामुळेच. तोवर जंतूने बस्तान बसवलेले असते.

फुप्फुसात पोचलेल्या टी पेशी इंटरफेरॉन गॅमा हे रसायन सोडतात. त्याने चेतवलेल्या मॅक्रोफेजना अडलेले पचन पुरे करता येते. उरलेल्या जंतूंभोवती पेशींचे थरावर थर बसून गाठ तयार होते. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. टीएनएफ हे रसायन ही गाठ बांधून ठेवते. आत कोंडलेले जंतू अनेक वर्षे, कधी आयुष्यभर, निपचित राहतात. अशा संसर्ग झालेल्या माणसांपैकी ५ ते १० टक्केच पुढे आजारी पडतात. या पेशींचे हे केवढे मोठे काम, पण ते कुणाला दिसत नाही.

वेढा ढिला पडला, की गाठीचा गाभा पनीरासारखा मऊ होऊन कुजतो. तो श्वासनलिकेत फुटला, की मागे पोकळी उरते आणि जंतू खोकल्यावाटे बाहेर पडतात. ही नासधूस जंतूच्या विषाने होत नाही. ती बरीचशी शरीराच्या स्वतःच्या दाहाने होते. एचआयव्हीमुळे टी पेशी घटल्या, तर हा धोका कैक पटींनी वाढतो. संधिवातावरची काही औषधे टीएनएफच रोखतात. म्हणून ती सुरू करण्याआधी डॉक्टर सुप्त क्षयाची तपासणी करून घेतात.