घाट चढणे सोपे, उतरणे कठीण

सह्याद्रीच्या रांगेने महाराष्ट्राचे देश आणि कोकण असे दोन भाग केले असून त्यांच्यातील बहुतेक सर्व मालवाहतूक आजही मोजक्या घाटांतूनच होते. उत्तरेस थळघाट, त्याच्या खाली बोरघाट, पुढे वरंध, कुंभार्ली, आंबा, फोंडा आणि आंबोली. या रस्त्यांवरून सिमेंट, खते, धान्य व पोलाद यांच्या मालमोटारी चोवीस तास धावत असतात. वैभववाडी परिसरात पिकणारा ऊस करूळ व भुईबावडा घाटांनी वर गगनबावड्याकडे जातो. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांची लांबच लांब पाती आणि मनोऱ्यांचे अजस्र भागही वळणावळणाच्या चढणीवरूनच वर न्यावे लागले.

घाट म्हटला की सर्वसामान्य माणसाच्या मनात चढाचा विचार प्रथम येतो. इंजिन ताकदवान असले की घाट पार झाला, अशी समजूत असते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. चढावर वाहनाची शक्ती अपुरी पडली आणि ब्रेक शाबूत असले, तर ते थांबते. वाहतूक खोळंबते, मनस्ताप होतो, परंतु सहसा त्याहून अधिक काही घडत नाही. उतारावर शक्ती अपुरी पडली तर वाहन थांबत नाही. म्हणूनच जड वाहन ओढण्याच्या शास्त्रात ओढण्यापेक्षा रोखून धरण्याचा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

हा धडा रेल्वेने फार पूर्वी गिरविला. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असताना खुला झाला. त्यानंतर १८६३ मध्ये त्याच घाटातून लोहमार्ग गेला. या मार्गाची चढण ३७ फुटांस १ फूट इतकी, म्हणजे रस्त्याच्या मानाने सौम्यच आहे. तरीही चढताना गाडीस मागून जादा इंजिने जोडावी लागतात. उतरताना घेतली जाणारी खबरदारी त्याहून बोलकी आहे. ठरावीक ठिकाणी बाजूला चढत जाणारा एक आडमार्ग ठेवलेला असून रुळांचा सांधा एरवी त्या आडमार्गाकडेच वळविलेला असतो. उतरणारी गाडी तेथे पूर्ण थांबली, ताब्यात आहे याची खात्री पटली, की मगच मुख्य मार्ग जोडला जातो. अनावर झालेली गाडी चढावर जाऊन आपोआप थांबावी, अशी ही योजना आहे. रस्त्यावरील वाहनास अशी सक्ती करणारे कोणी नसते. तेथे सर्व भिस्त चालकाच्या समजुतीवर असते.

रस्त्यांच्या आखणीतही उताराला मर्यादा घातलेली आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांनुसार सपाट प्रदेशात सर्वसाधारण उतार ३.३ टक्के, तर सह्याद्रीसारख्या तीव्र डोंगराळ भागात ६ टक्के धरला जातो आणि अपवादात्मक परिस्थितीत ८ टक्क्यांपर्यंत मुभा असते. वळणावर चाकांना अधिक रोध होत असल्याने तेथे उतार काहीसा कमी ठेवावा, असाही नियम आहे. सहा टक्के हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. परंतु २० टन वजनाचे वाहन ६०० मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिने सुमारे ४०० लिटर पाणी उकळू शकेल. ही उष्णता कोठे तरी जावयास हवी. चालकाने केवळ ब्रेकवर विसंबून घाट उतरला, तर त्यातील बहुतांश उष्णता चाकांतील ब्रेकच्या ड्रममध्येच साठत जाते.

ड्रम तापला की तो प्रसरण पावतो आणि आतील पट्ट्यांपासून दूर सरकतो. पट्ट्यांचे घर्षणही उष्णतेने कमी होते. ब्रेकमध्ये तेल असल्यास ते उकळू लागते आणि पायाखालचा दांडा पोकळ लागतो. हवेचे ब्रेक असल्यास, वारंवार दाबल्याने टाकीतील दाब उतरतो. अपघातानंतर ‘ब्रेक निकामी झाले’ असे वाक्य नेहमी वाचावयास मिळते. अनेकदा ब्रेक पायथ्याशी निकामी झालेले नसतात. घाटमाथ्यावर घेतलेल्या चुकीच्या निर्णयाने ते वाटेतच जळून गेलेले असतात. जळक्या पट्ट्यांचा वास येऊ लागणे ही शेवटची सूचना होय. अशा वेळी सुरक्षित जागी थांबून, चाकांना उटी लावून ड्रम आपोआप निवू द्यावा. त्यावर पाणी ओतण्याची सवय घातक आहे, कारण तापलेले बीड तडकते.

यावर उपाय जुना आणि विनाखर्चाचा आहे. जो घाट चढावयास जो गिअर लागला असता, तोच किंवा त्याच्याही खालचा गिअर उतरताना, आणि तोही माथ्यावरच, टाकावा. उतार लागल्यावर, वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही. वाहन मोकळे सुटते आणि मग फक्त ब्रेक उरतात. गिअरमध्ये असलेले इंजिन चाकांना सतत मागे खेचत राहते. ब्रेक मग अधूनमधून, थोडा वेळ पण ठामपणे दाबावा आणि सोडावा. इंधन वाचविण्यासाठी वाहन न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्यांची समजूत तर मुळातच चुकीची आहे. ॲक्सिलरेटर सोडून वाहन गिअरमध्ये उतरत असताना आजच्या इंजिनात इंधन पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा रस्ता घाटासारखा दिसतही नाही, रुंद आणि सरळ आहे, तरी त्या लांब उतारावर मालमोटारी अनावर होऊन अनेकांचे प्राण गेले आहेत.

ग्रामीण भागात या प्रश्नाचे सर्वांत परिचित रूप म्हणजे ट्रॅक्टर आणि त्यामागील ट्रॉल्या. येथे थोडा हिशेब मांडणे उद्बोधक ठरेल. ट्रॅक्टरचे वजन साधारण सव्वादोन टन. भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह एकूण वजन १५ टन धरले आणि उतार पंधरास एक असला, तर सगळा डोलारा एक टन जोराने खाली ओढला जातो. चाकांच्या फिरण्यातील रोध वजा केला तरी पाऊण टनाच्या आसपास जोर उरतो. आता बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक केवळ मागील दोन चाकांना असतात आणि त्या चाकांवर जेमतेम दीड टन भार असतो. कोरड्या रस्त्यावर ही चाके कशीबशी तो जोर पेलतील. पावसाने किंवा सांडलेल्या उसाच्या पाचटाने रस्ता निसरडा झाला, की ब्रेक कितीही उत्तम असोत, चाके अडकून ट्रॅक्टर घसरतच जाणार. मागून ट्रॉली रेटते, पुढचा ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि सगळी मांडणी कात्रीसारखी दुमडते.

म्हणूनच ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असणे ही चैन नव्हे. ट्रॉली पुढे रेटू लागताच दांडीच्या दाबाने आपोआप लागणारे ब्रेकही बसविता येतात. ट्रॅक्टरच्या ब्रेकचे डावे आणि उजवे असे दोन दांडे शेतात वळण्याच्या सोयीसाठी वेगळे असतात. रस्त्यावर येताना ते खिळीने एकत्र जोडलेच पाहिजेत, अन्यथा एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर उलटतो. चढावर ट्रॉलीची जोडणी शक्य तितकी खाली हवी. ती वर असली तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे कलंडतो. जोडखिळीला अडकवण आणि सोबत एक मजबूत साखळी असावी, हे सांगावयास नकोच. परंतु साध्या सळईचा तुकडा खिळीऐवजी घातलेला दिसतो, तो याच रस्त्यांवर.

अतिशय अवजड भारांची, उदाहरणार्थ वीज उपकेंद्राच्या रोहित्राची, वाहतूक करणारी मंडळी या बाबतीत आदर्श म्हणावी लागेल. अनेक आसांचा, प्रत्येक चाकाला ब्रेक असलेला ट्रेलर आणि पुढे ओढणारे वाहन एवढ्यावर ते थांबत नाहीत. तीव्र घाटात मागेही एक वाहन जोडले जाते. चढताना ते ढकलते, उतरताना मागे ओढून धरते. वेग पायी चालणाऱ्या माणसाइतका असतो.

अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्या वाहनास वाट द्यावी, असा नियम आहे. तो केवळ सौजन्याचा नाही. भरलेला ट्रेलर चढावर एकदा थांबला की पुन्हा निघताना क्लच जळतो किंवा वाहन मागे घसरते.

अनावर वाहनाचा प्रवास बहुधा पायथ्याशी संपतो. आणि पायथ्याशी काय असते? एस.टी.चा थांबा, चहाची टपरी, आठवड्याचा बाजार, पुष्कळदा शाळाही. ही जागा कोणाला द्यावयाची, बाजार रस्त्यालगत भरवावयाचा की आत, हे निर्णय मोठ्या प्रमाणात ग्रामपंचायतीच्या हातात असतात. उताराच्या तळाशीच अचानक गतिरोधक घालण्याचा आग्रह ग्रामसभेत धरला जातो; तेथे येईपर्यंत ब्रेक तापलेले असतात. गतीची सूचना आणि थांबण्याची प्रशस्त जागा माथ्यावर हवी. आणि जेथे जमीन मिळेल तेथे उताराच्या शेवटच्या टप्प्यात, रेल्वेप्रमाणेच, खडी भरलेला एक चढता फाटा. यात्रेला किंवा लग्नाला माणसांनी भरलेली ट्रॉली घाटात जाऊ न देणे हे तर कोणत्याही निधीवाचून होण्यासारखे आहे. त्या ट्रॉलीला सहसा ब्रेक नसतात, आणि बसलेल्यांपैकी कोणीही ते विचारलेले नसते.