सरकारी रोजगार सेवेमुळे खरंच नोकरी मिळते का? फ्रान्सने हे कसं तपासलं?

एकेकाळी दहावी-बारावी झाली की एम्प्लॉयमेंट कार्ड काढायला रांग लागायची. आता हीच नोंदणी राज्याच्या 'महास्वयम्' किंवा केंद्राच्या २०१५ साली सुरू झालेल्या 'नॅशनल करिअर सर्व्हिस' पोर्टलवर मोबाईलवरूनही करता येते.

अशा सेवांचं यश सांगताना सहसा आकडे येतात ते किती नोंदण्या झाल्या, किती रोजगार मेळावे भरले याचे. पण नोंदणी करणाऱ्याचं पुढे काय झालं? ते कळायला त्यालाच विचारावं लागतं. आणि कुणाला, कधी विचारलं यावर उत्तर बदलतं.

'नोकरी लागली का?' एवढंच विचारून का भागत नाही?

समजा, मार्गदर्शन घेतलेल्या १०० पैकी ४० जणांना नोकरी लागली. हे सगळं सेवेचं श्रेय का? नाही. त्यातल्या काहींना ती एरवीही लागली असती. म्हणून तशाच परिस्थितीतल्या, पण सेवा न मिळालेल्या लोकांनाही तोच प्रश्न विचारावा लागतो.

फ्रान्समध्ये काय झालं?

सरकारने खासगी संस्थांमार्फत सुशिक्षित बेरोजगार तरुणांना नोकरी शोधायला मदत देऊ केली. २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल विजेत्या एस्थर डुफ्लो, ब्रुनो क्रेपाँ आणि सहकाऱ्यांनी त्याचं मूल्यमापन केलं.

त्यासाठी २३५ भाग निवडले. काही भागांत पात्र तरुणांपैकी कुणालाच मदत देऊ केली नाही. इतर भागांत २५, ५०, ७५ किंवा १०० टक्के तरुणांना. कुणाला द्यायची, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. मग ८, १२, १६ आणि २० महिन्यांनी तरुणांचं सर्वेक्षण झालं.

निष्कर्ष काय निघाला?

आठ महिन्यांनी चित्र छान होतं. ज्यांना मदत देऊ केली, त्यांच्यात स्थिर नोकरी लागलेल्यांचं प्रमाण जास्त होतं. सर्वेक्षण इथेच थांबलं असतं तर योजना यशस्वी ठरली असती.

पण बाराव्या महिन्यापर्यंत हा फायदा विरला. शिवाय त्याच भागांतल्या मदत न मिळालेल्या तरुणांना काही प्रमाणात फटका बसला होता. जिथे नोकऱ्या कमी, तिथे हे विशेष जाणवलं.

म्हणजे संगीत खुर्चीसारखं झालं. काहींना खुर्ची पटकन गाठायला शिकवलं, पण खुर्च्या तेवढ्याच राहिल्या. मदतीमुळे एक बसला, तेव्हा दुसरा उभा राहिला. फक्त बसलेल्यालाच विचारलं असतं, तर हे कधीच कळलं नसतं.

मग सर्वेक्षणाचा आकडा वाचताना काय पाहायचं?

• कुणाला विचारलं? फक्त केंद्रावर आलेल्यांना, की नोंदणी करून पुन्हा न फिरकलेल्यांनाही?

• कधी विचारलं? मेळाव्यातून बाहेर पडताना मिळालेलं उत्तर वेगळं आणि वर्षभरानंतरचं वेगळं.

• काय विचारलं? 'सेवेवर समाधानी आहात का?' यातून कर्मचाऱ्यांची वागणूक कळेल. नोकरी टिकली का, पगार किती, पीएफ कापला जातो का, हे वेगळं विचारावं लागेल.

• किती जणांनी उत्तर दिलं? फोन न उचलणाऱ्यांची परिस्थिती उचलणाऱ्यांसारखीच असेल, असं नाही.

वयोमर्यादा जवळ येत असलेल्या तरुणासाठी वाया गेलेलं एक वर्षही मोठं असतं. सेवा कामाची नसेल तर ते वेळेत कळायला हवं, आणि खुर्च्याच कमी असतील तर तेही.